शशिकलाबाईंचं साडेसातचं कुलूप

इंदूरच्या सुखलियातल्या त्या गल्लीत शशिकलाबाई झोकरकरांच्या घराला सगळे 'काकूजींचं घर' म्हणतात. राहायला येऊन त्यांना एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत संध्याकाळी साडेसातला त्यांच्या लोखंडी गेटला कुलूप लागलं नाही, असा दिवस शेजारच्या पूर्णिमाबाईंनाही आठवत नाही. उन्हाळ्यात साडेसातला अजून उजेड असे, गल्लीतली पोरं क्रिकेट खेळत असत, तरी कुलूप लागे. पती श्रीहरी वीजमंडळात अभियंता होते. लाइनच्या कामावरून उशीर झाला की ते बाहेर उभे राहून ओरडत, "बाईसाहेब, कैदी परत आलाय, आत घ्या!" बाई हसत, पण कुलूप काढताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितल्याशिवाय राहत नसत.

ही शिस्त त्यांनी बोर्डिंगमधून आणली होती. नवव्या वर्षी आई गेली आणि वडिलांनी त्यांना सिस्टरांच्या शाळेत ठेवलं. तिथं फाटक सहाला बंद होई, घरून आलेली पत्रं आधी सिस्टर वाचत, दिवाळीच्या फराळाचा डबा कपाटात जाई आणि रविवारी एकेक करंजी हातावर पडे. "माझं इंग्रजी, माझं अक्षर, माझी ताठ पाठ, सगळं त्या फाटकानं दिलं," असं त्या कौतुकानं सांगत. पहिलं वर्षभर उशीत तोंड खुपसून रडल्या होत्या, ते मात्र त्यांनी श्रीहरींनाही सांगितलं नव्हतं.

श्रीहरी गेले आणि वरचा मजला रिकामा पडला. दोन वर्षं तिथं गाद्यांच्या गुंडाळ्या आणि त्यांची इंजिनिअरिंगची पुस्तकं होती. मग २०२१ च्या जुलैत पियुष मतकर आला. पियुष श्रीहरींच्या मित्राचा मुलगा. सांवेर रोडवर शर्ट शिवणारा एक कारखाना आहे, तिथला मॅनेजर.

"काकूजी, आपला ऊपरचा माळा खालीच पडलाय ना? निमाडच्या मुली आहेत, शिलाईवर. सीधी-सादी आहेत बिचाऱ्या. त्यांना एक सेफ जागा पाहिजे, बस. किराया कंपनी देणार."

"मुली साडेसातच्या आत घरात पाहिजेत," बाई म्हणाल्या.

"अरे, त्यासाठीच तर आपल्याकडे आलो!"

कारखान्याला तेव्हा बरे दिवस आले होते, आणि ते का आले हे पियुषनंच पोहे खाता खाता सांगितलं. युरोपातली एक मोठी कंपनी त्यांच्याकडून शर्ट शिवून घेई. चीनमध्ये शिनजियांग म्हणून भाग आहे, तिथं लोकांना जबरदस्तीनं कापसाच्या कामाला लावतात असे आरोप झाले. तेव्हा या कंपनीनं जाहीर केलं, की तिथला कापूस आम्ही घेणार नाही. चीनच्या गिऱ्हाइकांना ते झोंबलं. त्या मार्चमध्ये त्यांनी परदेशी कंपन्यांवर बहिष्कारच टाकला, त्यात हीसुद्धा सापडली. ॲपवरून तिचं दुकान गायब झालं, जाहिरातीतल्या नट्यांनी करार मोडले. पण कापूस आणि शिलाई दोन्हीसाठी कंपनी आता इकडे वळली होती, आणि इंदूरच्या वाट्याला दुप्पट शर्ट आले होते.

"बंद दाराआड कामाला लावायचं म्हणजे काय," शशिकलाबाई हळहळल्या. "देव त्यांना बुद्धी देवो." त्यांनी पियुषच्या बशीत आणखी शेव घातली.

अकरा मुली आल्या. भीकनगाव, सेगाव, कसरावद अशा गावांच्या. सगळ्यात लहान अठरा वर्षांची, सगळ्यात मोठी सव्वीस. बाईंनी त्यांच्यावर जीव लावला, हे कुणीही सांगेल. एकीला टायफॉइड झाला तेव्हा बारा दिवस स्वतः पेज करून भरवली. एकादशीला साबुदाण्याची खिचडी वर जाई. कुणाच्या चुलतभावाचा फोन वारंवार येऊ लागला तर बाई तो स्वतः घेत आणि असा काही आवाज लावत, की पुन्हा फोन येत नसे. आल्या दिवशीच त्यांनी अकराही जणींची आधार कार्डं मागून घेतली, प्रत्येकीचं वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, वर सुरेख अक्षरात नाव लिहिलं आणि गोदरेजच्या कपाटात दागिन्यांच्या खणात ठेवली. मुलींनी ती निमूट दिली. द्यायची का, असं कुणी विचारलं नव्हतं.

या अकरांत सुरभी होती. वीस वर्षांची, भीकनगावची. कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोलायला तिखट. बाईंची नक्कल ती अशी करे की वरचा मजला खिदळे, आणि खालून बाईंनी "काय चाललंय गं?" विचारलं, की त्यांच्याच आवाजात उत्तर येई, "काही नाही, काकूजी, अभ्यास!" बाईंना ती मनातून फार आवडे.

एकदा तिनं कार्ड मागितलं.

"कशाला गं?"

"बस ऐसे ही. पीथमपुर की फैक्ट्री में एक जगह है, सहेली बोल रही थी..."

"इथं काय कमी आहे तुला?"

सुरभी हसली, खांदे उडवून वर गेली. कार्ड कपाटातच राहिलं. बाईंना वाटलं, पोरीला एका धोक्यातून वाचवलं.

मिताली नावाची तपासनीस मुलगी आली ती १७ जानेवारी २०२३ ला, मंगळवारी सकाळी. पियुषनं आधी सांगून ठेवलं होतं, की कंपनीची माणसं येतील, मुली राहतात ती जागाही बघतील. बाईंनी पितळेच्या कुंड्या घासून ठेवल्या, वरच्या चादरी बदलल्या, आल्याचा चहा टाकला. मिताली मूळची नागपूरची निघाली, तेव्हा तर त्यांना घरचंच कुणी आल्यासारखं वाटलं. खोल्या, संडास, पाण्याची टाकी, आग विझवायचा सिलिंडर, सगळं बघून ती खाली बसली आणि मांडीवर टॅब घेतला.

"काकू, गेटची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. ही बघा." त्यांनी कमरेचा जुडगा दाखवला.

"आणखी कोणाकडे?"

"छे छे. एकच किल्ली. हरवायची भीतीच नाही."

मितालीनं काहीतरी टिपलं. "कामाच्या वेळेनंतर मुलींना बाहेर जायचं असेल तर?"

"रविवारी जातात की. राजवाड्याच्या बाजारात, दोघी-दोघी मिळून. पाचच्या आत घरी. आजवर एकीलाही उशीर झालेला नाही," बाईंनी अभिमानानं सांगितलं.

"आणि इतर दिवशी साडेसातनंतर?"

"नाही म्हणजे नाही. त्यांच्या आईबापांनी विश्वासानं पाठवलंय हो."

"त्यांची ओळखपत्रं?"

बाई उठल्या, कपाट उघडलं आणि अकरा पाकिटं पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. मितालीनं त्यांचा फोटो काढला. बाईंना वाटलं, नीटनेटकेपणाचा नमुना म्हणून काढला असेल.

"मुलींनी ठेवायला दिली, की तुम्ही मागितली?"

"मीच मागितली. पोरी वेंधळ्या असतात. मागितलं तर देते की परत. म्हणजे, कारण सांगितलं तर."

मितालीनं पेन गालाला टेकवलं. मग तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "काकू, असं कधी झालंय का, की एखाद्या मुलीला जायचं होतं आणि तुम्ही जाऊ दिलं नाही?"

आतापर्यंतची सगळी उत्तरं बाईंनी ताठ पाठीनं दिली होती. हे उत्तरही त्यांनी तसंच दिलं.

"नाही."

मितालीनं ते लिहून घेतलं. बाईंना आपला आवाज कानाला वेगळाच लागला. त्यांनी मितालीच्या कपात पुन्हा चहा ओतला. ती नको नको म्हणत असताना बशीत सांडेपर्यंत ओतला.

कारण तसं झालं होतं. चार महिन्यांपूर्वी, १४ सप्टेंबरला, बुधवारी. संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सुरभी जिना उतरून खाली आली होती, हातात फोन. कुलूप लागून दहा मिनिटं झाली होती.

"काकूजी, पापा को खरगोन ले गए हैं. सरकारी अस्पताल. भैया बोल रहा है अभी आ जा. सरवटे स्टैंड से साढ़े आठ की बस है."

"आत्ता? एकटी?"

"रूम वाली रीना को ले जाती हूँ साथ में."

"म्हणजे दोघी अंधारात, घाटातून? आणि काही झालं तर तुमच्या घरच्यांना मी काय सांगू? सकाळी सहाची गाडी आहे, तिनं जा. मी डबा देते."

सुरभीनं दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हेच पुन्हा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. ती गेटपाशी गेली आणि जाळीला हात लावून उभी राहिली. गल्लीत एक रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, वाट पाहिली आणि तो निघून गेला. बाई आत पोळपाट-लाटणं घेऊन बसल्या. पहाटे त्यांनी गुळाच्या दशम्या आणि चटणी असा डबा दिला, स्वतः स्टँडवर पोचवून आल्या, खिडकीपाशी बसवलं.

सुरभी साडेदहाला पोचली. वडील पहाटे चारला गेले होते.

दिवसकार्य आटोपून ती परत आली. डबा स्वच्छ धुऊन ओट्यावर ठेवला. दशम्या कुणी खाल्ल्या, ते बाईंनी विचारलं नाही. "देवाची इच्छा, बाळा," म्हणाल्या. पूर्णिमाबाईंनीही त्यांना धीर दिला, "तुम्ही बरोबरच केलंत हो. परक्याच्या मुलीची जबाबदारी असते." बाईंनी ते वाक्य उराशी धरलं. मनात काही हललं, की ते वाक्य त्या पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणत. सुरभीनं मात्र त्यानंतर कधी त्यांची नक्कल केली नाही.

मिताली गेली त्याच दुपारी पियुष धावत आला. चपला दारात न काढताच आत.

"काकूजी, हे काय केलं आपण! पूरी फाइलच त्यांच्या हातात दिली!"

"मी काय केलं? जे आहे ते सांगितलं."

"जे आहे तेच तर प्रॉब्लेम आहे ना!" त्यानं कपाळाला हात लावला. "त्यांच्याकडे एक यादी असते, जबरदस्तीच्या मजुरीची पहचान कशी करायची त्याची. कामगाराचे कागद दुसऱ्याच्या कब्ज्यात, हे एक. मर्जीनं बाहेर जाता येत नाही, हे दुसरं. दोन्ही आपल्याकडे! आपण तर चहाबरोबर दाखवलं!"

शशिकलाबाई खुर्चीत बसल्या. "जबरदस्ती? माझ्या घरात?"

"मला माहिती आहे हो तुम्ही कशा आहात. पण त्यांना काय? चीनवाले दोन वर्षं तेच विचारतायत. आमच्यावर बोट दाखवता, तर तुमचे शर्ट बाकी जगात कोण शिवतं, तेही दाखवा. म्हणून कंपनी आता एकेक कारखाना, एकेक होस्टेल छानून काढते आहे. तिला साफ निघायचंय."

"शांघायच्या कुणा बाईनं शर्ट घेतला नाही, म्हणून माझं कपाट तपासलं?"

"बिलकुल तेच, काकूजी."

एरवी बाई यावर हसल्या असत्या. पियुषच्या पोह्यांत शेव घालताना आपण कुणासाठी हळहळलो होतो, ते त्यांना आठवलं.

तीन आठवड्यांनी मिताली पुन्हा येणार होती. तेव्हा दुरुस्ती दिसली नाही तर ऑर्डर बंद. आणि ऑर्डर बंद म्हणजे दोनशे मुली-बायका घरी. पियुषनं दुरुस्तीची तयारीच करून आणली होती. कार्डं परत द्यायची, गेटच्या किल्लीची दुसरी प्रत करून जिन्यापाशी टांगायची. इथपर्यंत बाईंना पटलं. मग त्यानं फोल्डरमधून अकरा छापील कागद काढले. 'मी माझं आधार कार्ड माझ्या मर्जीनं श्रीमती झोकरकर यांच्याकडे सुरक्षित ठेवायला दिलं होतं.' खाली सहीची जागा. तारीख जुलै २०२१ ची.

"हे खोटं आहे, पियुष."

"खोटं कुठे? पूछलं असतं तर हां म्हणाल्याच असत्या ना?"

बाईंनी कागद ठेवून घेतले. आतापर्यंत त्याही असंच म्हणत आल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलींना खाली बोलावलं. दहा मिनिटांत सगळ्या सह्या झाल्या. कुणी वाचलं नाही. एकीनं विचारलं, "काकूजी, नाम हिंदी में लिखूँ?" बस, एवढंच. सुरभीची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, "वाचून तरी घे."

"आपने बोला है तो ठीक ही होगा," ती म्हणाली. आवाजात टोमणा आहे का, ते बाईंनी शोधलं. टोमणा नव्हता, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं. सही करून तिनं शाईवर फुंकर घातली आणि कागद नीट गठ्ठ्यावर ठेवला.

मग बाईंनी कपाट उघडून पाकिटं वाटायला घेतली. सुरभीचं पाकीट हातात आलं, ते उलटं. कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता होता आणि पत्त्याच्या आधी वडिलांचं नाव, दयाराम. दीड वर्षं हे कार्ड त्यांच्या कपाटात होतं. त्या माणसाला बघायला निघालेल्या मुलीला त्यांनी अडवलं, आणि त्याचं नाव त्या आज पहिल्यांदा वाचत होत्या.

९ फेब्रुवारीला मिताली आली. जिन्यापाशी खिळ्याला किल्ली होती, कार्डं मुलींकडे होती, कागद फोल्डरमध्ये होते. तिनं सगळं बघितलं आणि म्हणाली, की आता मुलींशी एकेकटीशी बोलायचंय, वर, दार लावून. शशिकलाबाई खाली व्हरांड्यात बसल्या. हातात वाटाण्याच्या शेंगा होत्या. एकेक मुलगी वर जाई आणि पाच-सात मिनिटांत हसत उतरे. सुरभी वर गेली ती वीस मिनिटं आलीच नाही. बाईंनी सगळे वाटाणे सोलले, मग टरफलं पुन्हा एकदा चाचपली.

त्यांना काय हवं होतं, ते त्यांनाच कळेना. पोरीनं खरं सांगावं, असं वाटत होतं. सांगू नये, असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही मनापासून.

सुरभी उतरली आणि त्यांच्याकडे न बघता गेटबाहेर गेली. आठवड्याभरानं पियुष मिठाईचा डबा घेऊन आला. कारखाना पास झाला होता.

बाईंनी डबा न उघडताच बाजूला ठेवला. संध्याकाळी सुरभी कामावरून आली, तशी त्यांनी तिला जिन्यावरच गाठलं.

"त्या दिवशी काय विचारलं गं मॅडमनी एवढा वेळ?"

"सब पूछा. खाना, पगार, छुट्टी. फिर पूछा, कभी जाना था और गेट नहीं खोला, ऐसा हुआ क्या."

"मग?"

"मैंने बोला, नहीं हुआ."

"असं का सांगितलंस?"

सुरभीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या लहान मुलाकडे पाहावं. "सच बोलती तो ऑर्डर जाता, काकूजी." आणि ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

म्हणजे दोघींनी एकाच प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. बाईंनी ते स्वतःला वाचवायला दिलं; आणि जिला सांगण्यासारखं होतं, तिनं सगळ्यांना वाचवायला. त्या दिवसापासून शशिकलाबाईंचं जेवणावरचं मन उडालं. पूजेला बसत आणि मध्येच उठत. पूर्णिमाबाईंनी विचारलं तर म्हणत, "ॲसिडिटी." चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी कोरा कागद घेतला आणि मितालीला पत्र लिहिलं. बोर्डिंगमध्ये घोटून घेतलेल्या इंग्रजीत, तिरक्या, एकसारख्या अक्षरात. तारीख, वेळ, बस, रिक्षा, सगळं. मी तुम्हाला नाही म्हणाले, ते खोटं होतं. मुलींनी सह्या केल्या ते कागद मागाहून तयार केले आहेत. दोष माझा एकटीचा आहे. वाचताना त्यांना हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी पोटभर वरणभात जेवल्या.

पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं, चपला घातल्या. गेटपर्यंत गेल्या आणि थांबल्या. दोष माझा एकटीचा, असं लिहिलं होतं खरं. पण ती बुधवारची संध्याकाळ त्यांच्या एकटीची नव्हती. आणि त्या संध्याकाळीही त्यांनी एकटीनंच सगळं ठरवलं होतं. त्या परत फिरल्या. रविवारची वाट पाहिली.

रविवारी सकाळी सुरभी गच्चीत कपडे धूत होती. बाई गुडघे धरत जिना चढल्या आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसल्या.

"सुरभी, मी एक पत्र लिहिलंय. पाठवण्याआधी तुला विचारायचंय."

"मुझसे?" तिला खरंच आश्चर्य वाटलं.

बाईंनी ते हिंदीत करून वाचून दाखवलं. सुरभी ओढणी पिळत ऐकत होती. पिळून झाली तरी पिळत राहिली.

"ये भेजने से क्या होगा?"

"खरं काय ते त्यांना कळेल."

"फिर?"

"मग..." बाईंनी त्यापुढचा विचार केला नव्हता.

"फिर वो लिखेगी कि ग्यारह लड़कियों ने झूठ बोला, झूठे काग़ज़ पे साइन किए. ऑर्डर कटेगा. पियुष सर कहीं और लग जाएँगे. हम वापस गाँव, कपास चुनने." तिनं ओढणी झटकली. "और आप? आपका तो बोझ उतर गया."

"नाही गं, बोझ उतरायला नाही. मला फार वाईट वाटतं, बाळा. रोज वाटतं. जेवण जात नाही."

"तो लगने दो न, काकूजी," सुरभी म्हणाली. आवाज चढवला नाही. "मुझे भी लगता है. रोज़. मैं किसको चिट्ठी लिखूँ?"

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"मी चुकले," शशिकलाबाई म्हणाल्या. हे दोन शब्द पत्रात नव्हते. इंग्रजीत बरंच काही होतं, पण हे नव्हते.

"हाँ," सुरभी म्हणाली.

बाईंनी पुढचं ऐकायला मान वर केली. जाऊ द्या, तुमचा हेतू वाईट नव्हता, असं माणसं म्हणतात तसं काही. सुरभीनं तसलं काही म्हटलं नाही. तिनं बालदीतून भिजलेली चादर काढली, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं त्यांच्याकडे केलं. बाई उठल्या. दोघींनी दोन बाजूंनी पीळ घातला. पाणी त्यांच्या पायांवर पडलं.

"पापा पूछ रहे थे," पिळता पिळता सुरभी म्हणाली, "छोटी निकली क्या. भैया ने बोल दिया, हाँ, बस में बैठ गई. वो रात भर दरवाज़े की तरफ़ मुँह करके सोए."

बाईंच्या हातातलं टोक सुटलं. सुरभीनं चादर सावरली, जमिनीला लागू दिली नाही, आणि एकटीनंच तारेवर घातली.

"चिट्ठी मत भेजना," ती म्हणाली. "बोलो, नहीं भेजूँगी."

"नाही पाठवणार."

मार्च संपता संपता सुरभीनं रीनाबरोबर बाणगंगा वस्तीत खोली घेतली. निघताना रीना पाया पडली. सुरभीनं नमस्कार केला, उभ्यानंच. पुढे ती त्याच कारखान्यात एका लाइनची सुपरवायझर झाली, असं पियुषकडून कळलं. शर्ट अजून जातात. कुठल्या देशात कोण घेतं आणि कोण घेत नाही, ते शशिकलाबाई आता विचारत नाहीत. वर आठ मुली आहेत आणि त्या आपल्या वेळेनं येतात-जातात.

पत्र पाठवायचं नाही, म्हणजे कुणाला सांगायचंही नाही, हे बाईंना हळूहळू उमगलं. एकाला सांगितलं की ते दुसऱ्याकडे जाणार, आणि मग त्या अकरा सह्यांपर्यंत पोचणार. भजनी मंडळात नाही, पूर्णिमाबाईंना नाही, कुणालाच नाही.

परवाच्या गुरुवारी भजन आटोपल्यावर कुणाची तरी नवीन सून मंडळात आली होती, तिला पूर्णिमाबाई सांगत होत्या, "या आमच्या काकूजी. परगावच्या मुलींना यांनी पोटच्या पोरींसारखं सांभाळलं. आईबाप निर्धास्त असतात. यांच्या घरात मुलगी म्हणजे काळजीच नाही!"

"नाही हो," शशिकलाबाई म्हणाल्या. "तसं काही नाही. मी काही..." आणि त्यांना थांबावं लागलं.

"बघा!" पूर्णिमाबाई हसून सुनेला म्हणाल्या. "कधी म्हणून मोठेपणा घेणार नाहीत." त्यांनी प्रसादाची वाटी पुढे केली. बाईंनी ती घेतली आणि सगळ्यांच्या बरोबरीनं शिरा खाल्ला.